पहिल्या पायरीचे न्यायालय

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे, व ती जो तो इतक्या सहजपणे उच्चारतो की तिचा अर्थ काय याचा विचार करण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. ही पायरी कोणत्या कोर्टाची? दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी जन्मात एकदा तरी चढलेले गृहस्थ आपल्या गावात किती निघतील? मुंबईच्या उच्च न्यायालयाची इमारत पुष्कळांनी बाहेरून पाहिली असेल, परंतु आत पाऊल टाकण्याचा प्रसंग क्वचित एखाद्यावरच येतो. तेव्हा म्हणीतली पायरी ती आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टाचीच होय. बांधाचा तंटा, उधारीची वसुली, भाडेकरूशी कलह, भाऊबंदांची वाटणी, चोरीचा आळ, मारामारीची फिर्याद, हे सर्व प्रथम तेथेच जाते आणि बहुतेकांचे तेथेच संपते. सामान्य मनुष्याच्या दृष्टीने पाहता न्याय म्हणजे हेच कोर्ट. बाकीची न्यायालये त्याने वर्तमानपत्रांत वाचलेली असतात, इतकेच.

असे असता या कोर्टास आपण नाव काय ठेवले आहे? 'खालचे कोर्ट'! वकील हे नाव घेतात, पक्षकार घेतात, आणि आम्ही पत्रकारही घेतो, हे कबूल केले पाहिजे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने एका फौजदारी अपिलात आपल्या कचेरीस अशी सूचना केली की, खटला प्रथम चालविणाऱ्या न्यायालयाचा उल्लेख यापुढे 'खालचे न्यायालय' असा करू नये व त्याच्या दप्तरासही तसे म्हणू नये. न्यायमूर्ती ओक यांनी स्वतः आपल्या वकिलीचा आरंभ ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात केला होता. तेव्हा हे शब्द कोणत्या अनुभवातून आले असावेत, हे सांगावयास नको. सूचना योग्य आहे. तथापि नाव बदलल्याने काम भागेल, असे मात्र आम्हांस वाटत नाही. आमचे म्हणणे असे आहे की, खटला प्रथम जेथे चालतो ते न्यायालय हे न्यायव्यवस्थेचे खालचे टोक नसून तिचा पाया आहे, व तेथे जे बिघडते ते वर गेल्यावर दुरुस्त होते, ही समजूत बऱ्याच अंशी भ्रामक आहे.

आमच्या व्यापारी वाचकांस ही गोष्ट त्यांच्याच दुकानातल्या उदाहरणाने चटकन पटेल. रोजमेळात रक्कम चुकीची पडली, तर खतावणी कितीही सुवाच्य असली आणि ताळेबंद कितीही विद्वान हिशेबनिसाने घातला तरी चूक तशीच पुढे चालत जाते. मूळ न्यायालयाचे काम रोजमेळ लिहिण्याचे आहे. कोण खरे बोलतो, दस्तऐवजावरची सही कोणाची, पैसे प्रत्यक्ष हातात पडले की नुसतेच कागदावर मांडले, मारणारा तोच की दुसरा, हे तेथे ठरते. अपील ऐकणाऱ्या न्यायाधिशापुढे साक्षीदार येत नाही. साक्षीदाराची लिहून घेतलेली जबानी येते. त्याचा अडखळलेला शब्द, प्रश्न ऐकताच उतरलेला चेहरा, वकिलाकडे चोरून टाकलेली नजर, यांपैकी काहीही कागदाबरोबर वर जात नाही. म्हणूनच साक्षीदाराची वागणूक लक्षात येण्याजोगी असल्यास न्यायाधिशाने तिची नोंद करून ठेवावी, अशी तरतूद दिवाणी व फौजदारी दोन्ही कार्यपद्धतींत केलेली आहे. ती नोंद आज किती ठिकाणी होते, हे वकीलमंडळींनीच सांगावे.

कायद्याने अपिलाचा मार्गही मुद्दामच अरुंद ठेवला आहे. दिवाणी दाव्यात पहिले अपील झाल्यावर दुसरे करावयाचे, तर १९७६ च्या दुरुस्तीपासून त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. पुराव्याचा कीस पुन्हा काढता येत नाही. पहिल्या अपिलातही नवा पुरावा सहसा घेत नाहीत. आणि साक्षीदाराच्या विश्वसनीयतेसंबंधी मूळ न्यायाधिशाने जे मत दिले ते, त्याच्या नजरेतून एखादी विशेष गोष्ट सुटल्याचे दिसल्यावाचून फिरवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे.

याचे एक उदाहरण महाराष्ट्रास ठाऊक आहे. निदान असावयास पाहिजे. ताईमहाराज प्रकरणाचा लोक जो उल्लेख करतात तो लोकमान्य टिळकांच्या मनस्तापापुरताच. परंतु त्यात न्यायपद्धतीचा जो धडा आहे तो सहसा कोणी काढून दाखवीत नाही. पुण्याचे श्रीबाबा महाराज १८९७ साली वारले व त्यांच्या मृत्युपत्रान्वये टिळक एक विश्वस्त झाले. १९०१ साली औरंगाबाद येथे जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेण्यात आला. पुढे बाबा महाराजांच्या पत्नी ताईमहाराज यांनी ते दत्तविधान नाकारून कोल्हापूरकडील दुसरा मुलगा दत्तक घेतला. खरे दत्तविधान कोणते, हा दावा पुण्याच्या पहिल्या वर्गाच्या सबजज्जांच्या कोर्टात चालला. प्रश्न कायद्याचा फारसा नव्हता. औरंगाबादेस त्या दिवशी विधी प्रत्यक्ष झाला की नाही, म्हणजे साक्षीदार खरे की खोटे, हाच मुख्य प्रश्न होता. ३१ जुलै १९०६ रोजी सबजज्जांनी औरंगाबादचे दत्तविधान खरे ठरविले. १९१० साली उच्च न्यायालयाने, टिळक मंडालेच्या तुरुंगात असता, तो निकाल फिरविला. २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून पुण्याच्या सबजज्जांचा निकाल कायम केला. साक्षीदाराची पूर्वीची जबानी त्याच्याविरुद्ध वापरावयाची असेल, तर ती आधी उलटतपासणीत त्याच्यापुढे ठेवून खुलासा करण्याची संधी त्यास दिली पाहिजे. त्याच्या पाठीमागे कागदांचे गठ्ठे उलगडून त्यास लबाड ठरविणे बरोबर नव्हे, असा त्या निकालातला आशय आहे, व तो आजही न्यायालयांत आधारास घेतला जातो. म्हणजे सहासात हजार मैलांची आणि नऊ वर्षांची फेरी मारून न्याय अखेर पुण्याच्या त्याच कोर्टात येऊन पोहोचला.

यावर कोणी म्हणेल की, याच प्रकरणात टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला तेव्हा १९०३ साली मॅजिस्ट्रेटनेच त्यांस दीड वर्षाची शिक्षा ठोठावली, सेशन्स जज्जाने ती सहा महिन्यांवर आणली, आणि १९०४ साली त्यांची मुक्तता केली ती उच्च न्यायालयानेच. हे खरे आहे, व आम्ही ते लपवीत नाही. मूळ न्यायालय चुकतच नाही, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ते चुकते, आणि अपिलाची सोय त्याकरिताच आहे. परंतु दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे इतके तरी ध्यानात येते की, पहिल्या कोर्टाने काम मन लावून केले तर वरच्याची भूलही निस्तरता येते, आणि पहिल्याने ते आडमुठेपणाने केले तर माणसास महिनेच्या महिने बदनामी व खर्च सोसावा लागतो. टिळकांस वकील होते, पैसा होता, पाठीशी लोक होते. ज्यास यांपैकी काहीच नाही त्याचे अपील कोण करणार?

त्या गरिबाची कथा दख्खनात त्याहीपूर्वी घडलेली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांवर दंगा केला व कर्जरोखे जाळले. दंगेखोरांचा रोख जीवापेक्षा कागदावर होता, हे तेव्हाच्या अधिकाऱ्यांच्याही नजरेस आले. कारण उघड होते. सावकार रोखा घेऊन कोर्टात जाई, समन्स कुणब्यास पोहोचे वा न पोहोचे, तो हजर होत नसे, आणि कोर्ट रोख्यावरील आकडा पाहून एकतर्फी हुकूमनामा करी. मूळ रक्कम किती, व्याज किती, नवा रोखा जुन्याच्या पोटी किती वेळा लिहिला, हे विचारण्याचे कोर्टाचे काम नाही, अशी समजूत होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने ही समजूत मोडली. देवघेवीचा सारा इतिहास आरंभापासून तपासावा, प्रतिवादीस स्वतः साक्षीस बोलवून विचारावे, फेड हप्त्यांनी करू द्यावी, असे त्याने मूळ न्यायाधिशास बजावले. त्या कायद्याने सुधारणा केली ती अपिले वाढवून नव्हे. उलट पुष्कळशा दाव्यांत अपिलाची वाट त्याने बंदच केली आणि त्याऐवजी पहिल्या कोर्टाच्या कामाची जागच्या जागी तपासणी करण्याकरिता विशेष न्यायाधीश नेमला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे १८८७ पासून त्या जागेवर होते. त्या कायद्यानेही सावकारी आटोक्यात आली नाही व त्यातून पळवाटा निघाल्या, हा इतिहास सर्वश्रुत आहे. तथापि त्यामागचे धोरण आमच्या मते अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारे होते: न्यायाधिशाने पुढ्यात आलेला कागद वाचून शिक्का मारावयाचा नसतो, तर विचारावयाचे असते.

विचारण्याचा हा अधिकार त्यास कायद्याने किती मोठा दिला आहे, याची पुष्कळांस कल्पना नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या १६५ व्या कलमाने न्यायाधिशास, सत्य शोधण्याकरिता, कोणत्याही साक्षीदारास कोणताही प्रश्न कोणत्याही वेळी विचारता येत असे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. इतके शस्त्र हाती असता न्यायाधीश मुकाट बसून राहिला म्हणजे काय होते, ते बडोद्याच्या बेस्ट बेकरी खटल्यात साऱ्या देशाने पाहिले. १ मार्च २००२ रोजी चौदा माणसे मारली गेली. २००३ साली साक्षीदार एकामागून एक फिरले आणि सर्व आरोपी सुटले. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, न्यायाधीश म्हणजे नुसता प्रेक्षक किंवा नोंद करणारे यंत्र नव्हे, अशा अर्थाचे कडक शब्द वापरले, व खटला महाराष्ट्रात नव्याने चालविण्याचा हुकूम दिला. २००६ साली मुंबईच्या सेशन्स न्यायालयाने नऊ जणांस दोषी ठरविले, व त्यांपैकी पाच जणांस पुढे २०१२ साली उच्च न्यायालयाने सोडले. येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. देशातील सर्वांत मोठ्या न्यायालयास अन्याय झाला हे दिसले; परंतु त्यास तो आपल्या हाताने दुरुस्त करता आला नाही. त्यास पुन्हा एक मूळ न्यायालयच शोधावे लागले, कारण साक्षीदार ऐकण्याची जागा तीच.

आता दिवाणी कोर्टांत आज काय चालले आहे ते पाहा. २००२ पासून सरतपासणी प्रतिज्ञापत्राने होते. म्हणजे साक्षीदाराने सांगावयाचे ते वकिलाच्या कचेरीत टंकलिखित होऊन येते, आणि अक्षरशत्रू म्हातारीच्या तोंडी 'सदरहू मिळकतीचा निर्वेध व अखंड उपभोग' असली भाषा घातली जाते. उलटतपासणीही न्यायाधिशापुढेच व्हावी असे नाही. ती कमिशनरापुढे होऊ शकते. वेळ वाचविण्याकरिता ही योजना केली, हे आम्हांस मान्य आहे. परंतु यात असेही घडू शकते की, ज्याने निकाल द्यावयाचा त्याने साक्षीदाराचे तोंडही पाहिलेले नसते. त्यात न्यायाधिशांच्या बदल्या! एकाने साक्ष ऐकावी, दुसऱ्याने युक्तिवाद ऐकावा, आणि तिसऱ्याने निकाल लिहावा, असे दावे प्रत्येक वकिलाच्या माहितीत आहेत, व पूर्वीच्या न्यायाधिशाने नोंदलेल्या पुराव्यावरून पुढील काम चालविण्यास कायद्याची मुभाही आहे. मूळ न्यायालयाचा जो एकमेव विशेष, साक्षात ऐकणे आणि पाहणे, तोच आपण सोईसाठी टाकून देत आहो. आणि तो टाकल्यावर मूळ न्यायालय व अपील न्यायालय यांत भेद तो काय उरला?

दोष न्यायाधिशांचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे तुंबलेली आहेत. दहा लाख वस्तीमागे पन्नास न्यायाधीश असावेत, असे विधी आयोगाने १९८७ साली लिहिले. तेव्हा ते प्रमाण साडेदहाच्या आसपास होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच पाच वर्षांत करावे असे सांगितले. पाच वर्षे होऊन कितीतरी वर्षे लोटली, तरी पन्नासाच्या निम्म्यापर्यंतही मजल गेलेली नाही. एका दिवसाच्या बोर्डावर ढीगभर कामे लावलेल्या न्यायाधिशाने साक्षीदाराचा चेहरा न्याहाळावा, अशी अपेक्षा करणाराने एक दिवस त्याच्या खुर्चीवर बसून पाहावे.

या तुंबाऱ्याचे ओझे सर्वांत अधिक कोणावर पडते? २०२२ साल अखेरीस देशाच्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या सुमारास कैदी होते, आणि त्यांपैकी चारांत तीन असे होते की, ज्यांच्या गुन्ह्याचा निकाल अद्याप लागलेलाच नव्हता. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची हकीकत एका वर्तमानपत्राने छापली, तेव्हा आरोप शाबीत होऊन जितकी शिक्षा झाली असती तिच्याहूनही अधिक काळ काही माणसे आत होती, असे उघडकीस आले. आणि खटला लवकर चालणे हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून ठरविले. तत्त्व थोर आहे, पण ते अमलात आणावयाचे ते पुन्हा त्या जिल्ह्याच्या कोर्टानेच.

आमच्या वाचकांपैकी जे व्यापारी आहेत ते या प्रश्नाकडे बहुधा धनकोच्या बाजूने पाहतात. न वटलेल्या धनादेशाबद्दल फिर्याद करण्याची सोय १९८९ पासून झाली. असा खटला शक्यतो सहा महिन्यांत संपवावा, असे पुढे त्याच कायद्यात लिहिले गेले. आणि आज ज्याच्या पदरी असली फिर्याद आहे त्याने सहा महिने हा शब्द हसण्यावारी नेला नाही तरच नवल. ही तक्रार रास्त आहे. पण तीच व्यापारी मंडळी दुसऱ्या एखाद्या दाव्यात प्रतिवादी असली म्हणजे काय करतात, हेही आम्ही पाहिले आहे. तेव्हा तहकुबी हा कोर्टाचा दोष राहत नाही. तो वकिलाचा चातुर्यगुण होतो. दिवाणी कायद्यात एका पक्षकारास सुनावणीत तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत, असा नियम आहे, आणि अपवादाने तो जवळजवळ गिळून टाकला आहे.

त्या तहकुबीच्या दिवशी साक्षीदाराचे काय होते? तो पहाटेच्या एस. टी. ने आलेला असतो. मजुरी बुडालेली असते. व्हरांड्यात बाक असेल तर बसतो, नसेल तर निंबाखाली उभा राहतो, आणि दुपारी चार वाजता त्यास सांगण्यात येते की, पुढील तारीख अमुक. भत्ता मिळतो तो मिळविण्याचा खटाटोप त्या भत्त्याहून महाग. तीन खेपा झाल्यावर हा मनुष्य चौथ्यांदा आला नाही, अथवा आला आणि 'मला आठवत नाही' म्हणाला, तर त्यास फितूर म्हणण्यापूर्वी त्याचे हाल कोणी केले, याचा हिशेब झाला पाहिजे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केली, ती धमक्यांपासून वाचविण्याकरिता. परंतु ज्यास कोणी धमकी दिली नाही, नुसतेच ताटकळत ठेवले, त्याच्यासाठी काय? निदान इतके तरी व्हावे की, हजर झालेला साक्षीदार त्याच दिवशी तपासल्यावाचून परत जाऊ नये, आणि ज्या पक्षकारामुळे तो परत गेला त्याच्याकडून त्याची मजुरी व गाडीभाडे तेथल्या तेथे वसूल करून त्याच्या हातावर ठेवावे. याकरिता नव्या कायद्याची जरूर नाही. खर्च बसविण्याचा अधिकार न्यायाधिशास आजही आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. महाराष्ट्रात १९९८ सालच्या अधिसूचनेपासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तरीही साक्षीदार मराठीत बोलतो, न्यायाधीश मनात इंग्रजी करून सांगतात, लघुलेखक इंग्रजीत उतरवितो, हा प्रकार ठिकठिकाणी चालूच आहे. 'तोच असावा असे मला वाटले' आणि 'तो होता' यांत एका माणसाच्या गळ्याइतके अंतर आहे. आणि ते अंतर या तीन तोंडांच्या प्रवासात केव्हा नाहीसे होते, ते कोणास कळतही नाही. अपील न्यायालय पुढे शब्दाशब्दावर खल करते, पण तो शब्द मुळात साक्षीदाराचा नसतोच. फौजदारी कायद्यात तर जबानी पुरी झाल्यावर ती साक्षीदारास वाचून दाखवावी, व त्याने चूक दाखविल्यास तीही नोंदवावी, असा स्पष्ट नियम आहे. प्रत्यक्षात कारकून कागद पुढे सरकवितो, बोटाने जागा दाखवितो, आणि साक्षीदार जे वाचताच येत नाही त्याखाली सही किंवा अंगठा करून मोकळा होतो. सरकार कोर्टांस संगणक, पडदे, दूरदृश्य यंत्रे पुरवीत आहे, ते चांगलेच आहे. त्याच संगणकावर साक्षीदाराचे शब्द मराठीत उमटावेत, आणि तो उतरण्यापूर्वी त्यास ते मोठ्याने वाचून दाखवावेत, येथून आमच्या जिल्ह्यातील न्यायाधीशमहाशयांनी आरंभ करावा. आणि आमच्या वाचकांपैकी ज्यांची पुढील आठवड्यात तारीख असेल त्यांनी आपल्या वकिलास आजच सांगून ठेवावे की, या खेपेस तहकुबीचा अर्ज देऊ नका.